चिकटेल तर शपथ!

"कुणाचं काम हे?" काकांनी विचारलं.

गौरी जेवणाचा दिवस होता. पुरणपोळ्या हाणून झाल्या होत्या, विडे वाटून झाले होते आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, हात धुवायला किचनच्या सिंकपाशी आले होते. हात पुसता पुसता त्यांचं लक्ष ओट्याखालच्या दाराकडे गेलं. तिथे रंगाला एक छोटासा फुगा आला होता. काकांनी नखाने त्याचं टोक उचललं, हळूच ओढलं आणि वीतभर लांब पिस्ता कलरची पट्टी त्यांच्या हातात आली. दुधावरची साय निघावी तशी. अलगद, न फाटता. खाली आमचा जुना चॉकलेटी सनमायका जसाच्या तसा. आणि तोही कसा, चकचकीत! जणू मधल्या काळात काही घडलंच नव्हतं.

आता 'कुणाचं काम' याचं उत्तर काय देणार? मी नवरोबाकडे बघितलं, नवरोबाने फ्रिजकडे.

तर मंडळी, गेल्या वेळी पडद्यांबद्दल लिहिताना मी मोठ्या ऐटीत 'भाड्याचं घरसुद्धा आपलंसं करता येतं' असं म्हटलं होतं. त्या वाक्याची किंमत किती असते, ते आज सांगते.

आमचा फ्लॅट कर्वेनगरात. नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, खोल्या ऐसपैस, वारा सॉलिड, रिक्षा हाकेच्या अंतरावर. सगळं सही, फक्त किचन सोडून. ओट्याखाली आणि वर मिळून पंधरा दारं आणि सगळ्यांना ग्लॉसी चॉकलेटी सनमायका, त्यावर खोट्या लाकडाच्या खोट्या रेषा. दोघांच्या ऑफिसचे डबे सकाळी सातला भरायचे आणि तेव्हासुद्धा ट्यूबलाइट लावल्याशिवाय मीठ कुठलं आणि साखर कुठली, ते कळायचं नाही. सुताराला विचारलं. नवीन सनमायका लावायचे त्याने पंचेचाळीस हजार सांगितले. स्वतःचं घर असतं तर विचार केला असता. भाड्याच्या किचनवर पंचेचाळीस हजार कोण घालतं?

मग एक रील बघितलं. दोन मिनिटांत काळ्याचं पांढरं किचन! रंगाच्या दुकानात गेलो तर काउंटरवरचा गृहस्थ म्हणाला, "मॅडम, ऑइल पेंट कशावरही बसतो. बिनधास्त मारा." आम्ही बिनधास्त मारला. फडक्याने धूळ पुसली आणि दोन हात दिले. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, बदामांचा पाऊस पडला. दहा दिवस किचन असं दिसत होतं, की मी फोडणी द्यायलाही बिचकत होते. मग गणपती आले, मोदकांची उकड झाली, चार तास वाफ कोंडली आणि तो फुगा आला.

आणि आता खरी गोम. आम्ही घरमालकीण काकूंना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ॲग्रीमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय, मूळ स्वरूपात बदल केल्यास खर्च डिपॉझिटमधून वळता होईल. डिपॉझिट ८० हजार. डिसेंबरात रिन्यूअल. डोक्याला शॉट!

काका पिंपरी-चिंचवडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पेंट शॉपमध्ये होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी कुणाच्या नव्या गाडीचे पेढे खाण्याआधी ते बॉनेट तिरकं वाकून बघतात. त्यांनी गणपतीच्या डेकोरेशनच्या खोक्यातली सेलोटेप मागवली. दुसऱ्या दाराच्या कोपऱ्यात, जिथे सगळं ठीकठाक दिसत होतं, तिथे चिकटवली, अंगठ्याने दाबली आणि झटक्यात ओढली. टेपबरोबर रंग आला. तिसरं दार, तेच. चौथं, तेच.

"हा रंग लावलेला नाहीये," काका म्हणाले. "नुसता ठेवलेला आहे."

रंग चिकटतो म्हणजे नक्की काय होतं, याचा आपण कधी विचारच करत नाही. भिंतीचं उदाहरण घ्या. प्लास्टरला असंख्य बारीक छिद्रं असतात. रंग त्यात शिरतो, आतच सुकतो आणि मुळं रोवल्यासारखा धरून बसतो. कच्च्या लाकडाचंही तेच. सनमायकाला छिद्रंच नाहीत. तो बनतो कसा, तर खाकी जाड कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, त्यावर डिझाइनचा एक कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवायचा आणि प्रचंड उष्णता आणि दाब देऊन सगळ्याचा एकजीव पत्रा करायचा. आपल्याकडच्या मेलामाइनच्या डिशेस आठवा. हळदीचा डाग सोडला, तर त्यांना काही चिकटतं का? तोच पदार्थ दाराच्या दर्शनी बाजूला असतो. डाग बसू नये, पुसलं की निघावं, यासाठीच तर तो बनवलेला. आणि आम्ही त्यालाच म्हणत होतो, बाबा रे, हा पिस्ता रंग जन्मभर धरून ठेव!

जाता जाता एक गंमत. लॅमिनेट या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. १९१३ मध्ये सिनसिनाटीला दोन इंजिनिअरांनी कंपनी काढली आणि विजेच्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाला, म्हणजे मायकाला, पर्याय म्हणून मालाचं नाव ठेवलं 'फॉर्मायका'. मायकासाठी, म्हणून फॉर मायका. आपल्याकडे सनमायका हे एका ब्रँडचं नाव सगळ्याच लॅमिनेटला पडलं. मायका नावात राहिला. पदार्थात तो कधी नव्हताच.

असो. दुसरी भानगड तेलाची. आपल्या आज्यांना हे सायन्स न शिकता माहीत होतं. अळवावरचं पाणी! अळवाच्या पानावर मेणाचा थर असतो. पाण्याला ते पान धरवत नाही, म्हणून ते स्वतःलाच धरून राहतं आणि गोल गोल होऊन घरंगळतं. रंगसुद्धा शेवटी द्रवच. पृष्ठभागावर तो नीट पसरला, त्याला भिजवू शकला, तरच सुकल्यावर पकड घेणार. आणि आपल्या किचनमधल्या दारांवर वीस-पंचवीस वर्षांच्या फोडण्या बसलेल्या असतात. हाताला चिकट लागत नसल्या तरी असतात. कोरड्या फडक्याने पुसून त्या जात नाहीत, नुसत्या सारख्या पसरतात. म्हणजे आम्ही पुसलं तेव्हा दारांना तेलाचा एक समान हात दिला होता. वा!

"मग प्रायमर मारायचा होता का?" नवरोबाने फ्रिजवरची नजर काढून विचारलं.

"कुठला?" काका म्हणाले.

इथेच तुमचा-आमचा सगळ्यांचा घोटाळा होतो. प्रायमर म्हणजे रंगाआधी मारायचा पांढरा पातळ रंग, एवढंच आपल्याला ठाऊक. पण भिंतीचा प्रायमर प्लास्टरसाठी असतो. लाकडाचा प्रायमर लाकडाची तहान भागवतो, म्हणजे वरचा रंग आत शोषला जात नाही. लोखंडाचा तो लालसर रेड ऑक्साइड, गंज धरू नये म्हणून. यातला कुठलाही गुळगुळीत सनमायकावर मारला, तर रंगाऐवजी प्रायमर सोलून निघेल, एवढाच फरक. आणि लोखंडावर चालतं ते जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पत्र्यावर चालतंच असंही नाही. ऑइल पेंटमधल्या तेलकट रेझिनची जस्ताशी हळूहळू रिॲक्शन होते, मध्ये चक्क एक प्रकारचा साबण तयार होतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. गच्चीवरच्या शेडचे सोललेले पत्रे तुम्ही पाहिले असतील. दोष दर वेळी पेंटरचा नसतो.

चकचकीत आणि बंद पृष्ठभागांसाठी जो प्रायमर असतो, तो बाँडिंग प्रायमर. लग्न जमवणारे मध्यस्थ असतात ना, तसा. एकमेकांशी बोलायला तयार नसलेल्या दोन पार्ट्यांशी याचं बरं असतं. याचं रेझिन असं बनवलेलं असतं, की ते गुळगुळीत जागेवर थेंब थेंब न होता पसरतं, पातळ थरातही घट्ट धरतं आणि सुकल्यावर वरच्या बाजूने मॅट, किंचित खरखरीत राहतं, म्हणजे पुढच्या रंगाला हात धरायला जागा. आपल्याकडच्या दुकानात 'बाँडिंग प्रायमर' म्हटलं तर समोरचा बावचळण्याची शक्यता बरीच. तेव्हा सरळ विचारायचं, लॅमिनेटवर आणि ग्लेझ्ड टाइलवर चालणारा प्रायमर द्या. मग त्याच्या हो-नाहीवर न जाता डब्याचं लेबल वाचायचं. त्यावर आपला पृष्ठभाग नावानिशी लिहिलेला असेल तरच पैसे काढायचे. मी हे दोन दुकानांत केलं. दोन्हीकडे मागच्या गिऱ्हाइकांनी सुस्कारे टाकले. टाकू देत.

यात पाण्याचा प्रकार असतो, वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो. आम्ही तोच घेतला. दुसरा, दोन डब्यांचा एपॉक्सी. बेस आणि हार्डनर लेबलवरच्या प्रमाणात मिसळायचे आणि दिलेल्या वेळात संपवायचे, नाहीतर डब्यातच दगड. पकड जबरदस्त, पण वासही तसाच. घरात लहान बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर तो नादच नको.

तिसरा प्रकार आपल्या दुकानांत सहसा दिसत नाही, पण मला त्याचं फार कौतुक वाटलं. परदेशात चकचकीत दारं रंगवायला लाखेचा प्रायमर सर्रास वापरतात. लाख म्हणजे आपली बांगड्यांची, पाकिटावरच्या सीलची लाख! पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा ती बनवतो. झारखंड हे तिचं माहेर. तिथे रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये खास लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली होती. ती शुद्ध करून पापुद्रे केले की चपडा, आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की फ्रेंच पॉलिश. आजोबांच्या शिसवी आरामखुर्चीवर सुतार फडक्याच्या बोळ्याने जे घासत बसायचा, ते हेच. त्यात पांढरं पिगमेंट घातलं की झाला प्रायमर. काचेसारख्या जागेलाही धरतो, भराभर सुकतो. फक्त स्पिरिट असल्यामुळे गॅस, उदबत्ती, देवघरातलं निरांजन, सगळं बंद करूनच डबा उघडायचा.

आता परत आमच्या रामायणाकडे. काकांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि दुसरी ऐकून माझी झोप उडाली. पहिली, आधीचा रंग सगळा काढा. चांगला दिसतोय तोही. कारण वरचा थर कितीही पक्का असला, तरी तो खालच्या थराला धरून बसणार आणि खालचाच सुटला तर दोघंही जाणार. ते काम सोपं निघालं. नख, जुनं एटीएम कार्ड आणि दोन संध्याकाळी. जिथे चिकटलंच नव्हतं तिथून काढायला कष्ट कसले? शेवटच्या दाराशी पोचलो तेव्हा किचन पुन्हा पहिल्यासारखं चॉकलेटी झालं होतं. नवरोबा म्हणाला, "चला, डिपॉझिट वाचलं. संपवू इथेच."

आणि दुसरी गोष्ट नेमकी तीच होती. "आत्तापर्यंत जे केलंत ते पुसून टाकता आलं," काका म्हणाले होते. "आता कराल ते पुसता येणार नाही. एकदा घासलं आणि हा प्रायमर बसला, की जुना सनमायका गेला. आधी मालकिणीला विचारा."

तीन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. शेवटी एका संध्याकाळी लावला. काकू सांगलीला असतात. मी सगळं सांगितलं. न विचारता रंगवलं होतं, ते सोललं, आता काढून टाकलंय आणि पुन्हा रंगवायची इच्छा आहे. पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं लाइन कट झाली.

"तो सनमायका आमच्या ह्यांनी पसंत केला होता," काकू म्हणाल्या.

माझ्या घशाला कोरड. काका गेल्याला सहा वर्षं झाली, हे मला माहीत होतं. ज्या रंगाला आम्ही वर्षभर नावं ठेवत होतो, तो कुणीतरी दुकानात उभं राहून, नमुन्यांचा गठ्ठा चाळून निवडला असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मला तो तेव्हाही आवडला नव्हता," काकू पुढे म्हणाल्या. "करा. पण बिघडलं तर डिपॉझिट विसरायचं. आणि हे मला मोबाइलवर लिहून पाठवा."

पाठवलं. त्यांचं 'ओके' आलं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. तुम्ही भाड्याने राहत असाल तर पॉलिश पेपरच्या आधी हा स्क्रीनशॉट मिळवा.

पंधराच्या पंधरा दारांवर तुटून पडायला काकांनी मनाई केली होती. आधी एक नमुना. दसऱ्याच्या सुट्टीत सिंकखालच्या दाराची आतली बाजू घेतली, हातभर जागेवर सगळी प्रोसेस केली आणि आठवडाभर सोडून दिली. पुढच्या रविवारी काका स्वतः आले. कटरने उभ्या सहा आणि आडव्या सहा रेघा मारल्या, साधारण दोन-दोन मिलिमीटरवर, प्रायमर कापून खालपर्यंत. पंचवीस चिमुकले चौकोन तयार झाले. त्यावर टेप, अंगठा, झटका. रंगाच्या धंद्यात ही परीक्षा अशीच घेतात आणि काकांच्या पद्धतीत तिला ० ते ५ असे मार्क असतात. उलटे मार्क! ० म्हणजे एकही चौकोन हलला नाही, ५ म्हणजे बोंबला. काकांनी चश्मा कपाळावर सरकवून टेप उजेडात धरली. एका चौकोनाच्या कोपऱ्याचा कण आला होता.

"एक," काका म्हणाले. "कारखान्यात मी परत पाठवलं असतं. घरासाठी पास."

दिवाळीच्या चार सुट्ट्या यात गेल्या. फराळ विकतचा आणला, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

खरं काम रंगाचं नसतंच. पहिला अख्खा दिवस धुण्यात गेला. दारं बिजागऱ्यांसकट उतरवली, प्रत्येकाच्या मागे मास्किंग टेपवर नंबर टाकला, स्क्रू नंबराप्रमाणे पिशव्यांमध्ये भरले. हे केलं नाहीत तर पंधरा दारं आणि साठ स्क्रू घेऊन भाऊबीजेपर्यंत कोडं सोडवत बसाल. मग बादलीत कोमट पाणी, त्यात धुण्याचा सोडा, हातात ग्लोव्हज आणि हिरवी घासणी. पहिल्या दाराचं पाणी कटिंग चहासारखं निघालं. दुसऱ्यांदा धुतलं तेव्हा लेमन टीसारखं. मग साध्या पाण्याने दोनदा, कारण सोडा राहिला तर तोच मध्ये आडवा येतो. आणि मग अळवावरच्या पाण्याची परीक्षा. दारावर पाणी शिंपडायचं. तेल उरलंय तिथे ते गोळा होऊन थेंब थेंब होतं, स्वच्छ जागी पसरतं. गॅसच्या बाजूची दोन दारं तिसऱ्यांदा धुवावी लागली. फर्निचर चमकवायचे स्प्रे मिळतात, ते तुम्ही दारांवर मारत असाल तर डबल धुवा. त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं आणि त्यावर रंग माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पाडत लांब पळतो.

दुसरा दिवस घासण्याचा. २२० नंबरचा पॉलिश पेपर. सनमायका खरवडून काढायचा नाहीये, फक्त त्याची चमक मारायची आहे. डबा घासायची गरज नाही म्हणत असला तरी घासा, हे काकांचं मत आणि आता माझंही. त्या बारीक ओरखड्यांत प्रायमरला दात रोवता येतात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघायचं, अजून चमकणारी बेटं लगेच दिसतात. कडा आणि हँडलच्या खालची जागा हमखास राहते. नंतर ओल्या फडक्याने पूड पुसायची, सुकू द्यायचं आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. आपली बोटंही तेलकटच असतात.

एक सिरियस गोष्ट इथेच सांगते. तुमचं दार सनमायकाचं नसून जुन्या ऑइल पेंटचं असेल, किंवा आजीचं जुनं लोखंडी कपाट असेल, तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची पूड लहान मुलांना फार वाईट. वॉटर पेपर घ्यायचा, ओलं ठेवून घासायचं, मास्क लावायचा, मुलांना आजोळी पाठवायचं आणि चिंध्या धुवत न बसता टाकून द्यायच्या.

मग प्रायमर. फोमचा छोटा रोलर, पातळ हात. पहिला हात बघून रडू येतं. चॉकलेटी खालून डोकावतंय, पांढरे ढग, पट्टे, एकूण अवतार! मोह होतो की अजून थोडा जाड फिरवावा. नाही. पहिल्या हाताचं काम झाकणं नसून धरणं आहे. लेबलवर दिलेला वेळ थांबलो, मग दुसरा हात. पंधरा दारांची एक बाजू मिळून पन्नासेक चौरस फूट होते, त्यांना दोन हातांत एक लिटर जेमतेम पुरला. रात्रभर थांबून वर पाण्याचा पीयू इनॅमल, सॅटिन फिनिश, पुन्हा पिस्ता, दोन हात. प्रायमर, रंग, रोलर, पेपर, सोडा, सगळं धरून साडेतीन हजारांच्या आत.

आणि सगळ्यात अवघड भाग, काही न करण्याचा. हाताला सुकलं म्हणजे पक्कं झालं असं नसतं. रंग वरून तासा-दोन तासांत सुकतो, पण आतून कडक व्हायला दिवस लागतात, कधी कधी महिना. पावसाळी दमट हवेत त्याहून जास्त. आमचा पहिला प्रयोग श्रावणातला होता, हाही त्यातलाच शहाणपणा! दारं लावल्यावर तीन आठवडे आम्ही ओलं फडकं लावलं नाही, स्टिकर लावला नाही, ड्रॉवर अलगद ढकलले. तरी सात नंबरच्या दारावर माझा अंगठा उमटलाय. दुसऱ्या दिवशी 'सुकलं का बघू' म्हणून दाबला होता. आजही तिरकं बघितलं तर दिसतो. काका आले की तेच दार आधी बघतात.

हे वाचून घरातलं सगळंच चकचकीत रंगवायला निघू नका. बाल्कनीतल्या मोल्डेड खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, त्यांना बाँडिंग प्रायमरही सहसा टिकत नाही. त्यासाठी वेगळंच रसायन लागतं आणि तेवढ्यात नवी खुर्ची येते. सिंकभोवतीच्या सिलिकॉनच्या पट्टीवर कुठलाच रंग धरत नाही. तिथे टेप लावून वाचवा, किंवा पट्टी काढून रंगानंतर नवी भरा. ओटा, बाथरूमची फरशी, बर्नरला खेटून असलेली जागा, जिथे रोज घासणं, पाणी किंवा आच आहे तिथे नाही म्हणजे नाही. किचनच्या भिंतीवरच्या टाइल्स रंगवता येतात, फक्त मधल्या फटींमधलं तेल जुन्या टूथब्रशने काढावं लागतं आणि ते काम जाम कंटाळवाणं आहे. दाराचं प्लायच पाणी पिऊन फुगलं असेल तर सुताराला बोलवा. प्रायमर पृष्ठभागाला धरतो, पृष्ठभागच सुटत चालला असेल तर तो तरी काय करणार!

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी काकू आल्या. चहा नको म्हणाल्या, थेट किचनमध्ये गेल्या. मी मागे, नवरोबा त्याच्याही मागे. त्यांनी पर्स ओट्यावर ठेवली आणि गॅसखालच्या दाराच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं. खरवडलं. पुन्हा खरवडलं, या वेळी चांगला जोर लावून. मग बांगडीची कड फिरवली. माझा श्वास कुठे होता, देव जाणे.

काहीच निघालं नाही.

मग त्यांनी एकेक दार उघडून मिटून बघितलं. सात नंबरपाशी थांबल्या, वाकल्या, माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला, पण बोलल्या काही नाहीत. सिंकखालचं दार उघडलं आणि नमुना सोडून आत जिथे जुना चॉकलेटी सनमायका तसाच होता, त्यावरून एकदा हात फिरवला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "आता चहा टाक."

चहा पिता पिता रिन्यूअलचा विषय निघाला. डिपॉझिट तेवढंच राहील म्हणाल्या. मी नवरोबाला डोळ्यांनीच सांगितलं, बघितलंस? तेवढ्यात काकूंनी कप खाली ठेवला.

"भाडं मात्र दोन हजारांनी वाढवावं लागेल हं. किचन अगदी नवीन झालंय ना आता!"

नवरोबाला ठसका लागला. मी एकदम पाठ केल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं, धुणं, घासणं, चार सुट्ट्या, साडेतीन हजार, विकतचा फराळ. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. बऱ्याच घासाघिशीनंतर त्या एक हजारावर आल्या, पण एका अटीवर. बाथरूमचं दारही बदलून हवंय त्यांना. म्हणजे बदलून नव्हे, याच रंगाचं.

ते दार पीव्हीसीचं आहे. काकू रिक्षात बसल्या तशी मी माळ्यावरून प्रायमरचा डबा काढला आणि त्याचं लेबल पुन्हा वाचायला घेतलं.